हस्ताचा पाऊस, एका साडीचं दुपटं आणि शेंगोळ्यांचं जेवण

२७ सप्टेंबरच्या आसपास सूर्य हस्त नक्षत्रात जातो आणि पुढचे दोन आठवडे देशावरच्या पावसाची चाल बदलते. सकाळी मळभ, दुपारनंतर गडगडाट, तिन्हीसांजेला वीज गेलेली. सुईकामाला हे दिवस फार चांगले असतात, पण ‘आज गोधडी घेऊ’ म्हणून पाच फूट बाय सात फुटांचा पसारा मांडला की संध्याकाळी तो तसाच गुंडाळून ठेवावा लागतो. दोन-दोन बोटांवर (तीन सेंमीवर) ओळी धरल्या तर एवढ्या गोधडीत साधारण १०५ मीटर धावदोरा घालावा लागतो. सरावाच्या हातालाही मीटरमागे सात-आठ मिनिटं लागतात, म्हणजे तेरा-चौदा तासांचं नुसतं शिवणकाम. ट्रंकेत वर्षानुवर्षं पडून असलेल्या बऱ्याच अर्धवट वाकळींचं कारण हा न मांडलेला हिशेब असतो.

एका पावसाळी दिवसात नीट पुरं होणारं काम म्हणजे बाळाचं दुपटं. ७५ बाय १०० सेंमीच्या दुपट्यात २५ मीटर धावदोरा, म्हणजे साडेतीन तासांची शिलाई. कापणं, टाचणं आणि गोट (कडेची पट्टी) धरून सगळा दिवस सहा-सात तासांत बसतो, मध्ये जेवण रांधायलाही वेळ राहतो. मोठ्या गोधडीला लागणारं प्रत्येक कसब यात येतं. म्हणून पहिल्यांदा शिवणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी.

कापड कोणतं, किती

एक जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती सहावारी साडी पुरते. ती साधारण साडेपाच मीटर लांब आणि ११५ सेंमी रुंद असते. त्यातून ८० सेंमीचे सहा तुकडे निघतात आणि ७० सेंमी उरते. दुपट्याला चार थर लागतात: वरचा, अस्तर आणि मधले दोन. उरलेले दोन तुकडे पुढच्या दुपट्याला. वरचा थर उठून दिसावा असं वाटत असेल तर तो दुसऱ्या साडीचा घ्या. नऊवारी लुगडं मिळालं तर फारच छान. मधल्या थरांना जुन्या धोतराइतकं मऊ दुसरं काही नाही.

साडी सुती आहे याची खात्री नसेल तर कडेचे चार धागे ओढून मोरीत धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळतो आणि टोकाला कडक मणी बनतो. असं कापड दुपट्याला घेऊ नका: घाम शोषत नाही आणि थर एकमेकांवरून घसरत राहतात. जरीचा काठही नको, बाळाच्या कातडीला टोचतो.

मग कापडाचा दम पाहा. दोन्ही अंगठे जवळजवळ टेकवून कापड ताणा. नुसतं विरळ दिसलं, पण टिकलं, तर ते मधल्या थराला चालेल. ‘चर्र’ आवाज करून धागे सुटले तर तो भाग कापून टाका. दया म्हणून असा तुकडा आत घातला तर तो दोन-तीन धुण्यांत आतल्या आत फाटतो, त्याच्या गुठळ्या होतात आणि दुपटं कुठे जाड, कुठे रिकामं लागतं.

नवं आणि जुनं सुती कापड एकत्र वापरायचं असेल तर नवं आधी दोनदा धुवा. जुनं आटून झालेलं असतं, नवं पहिल्या धुण्यात आटतं आणि सगळ्या दुपट्याला चुण्या पाडतं. लाल, मरून, गडद निळा यांची परीक्षा ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून घ्या. रुमालाला रंग लागला तर ती साडी वेगळी ठेवा. मिठाच्या पाण्यात बुडवून सुटणारा रंग पक्का होत नाही, एवढं लक्षात असू द्या.

धुण्याचं काम मात्र उघडिपीच्या दिवशी उरकलेलं हवं. साडीची खळ पूर्ण निघाली पाहिजे, कारण खळ राहिली तर सुई अडते आणि पुढे ट्रंकेत कसर आणि झुरळं त्याच कापडावर येतात. गरम पाण्यात तासभर भिजवा, दोन पाण्यांतून काढा आणि कडक उन्हात वाळवा.

बाकीचं सामान

भरतकामाच्या ५ किंवा ६ नंबरच्या सुया दहा (आकडा वाढतो तशी सुई बारीक होते). आठ नंबरचा सुती पर्ल दोरा (भरतकामाचा पीळदार दोरा): दहा ग्रॅमचा गोळा साधारण ८० मीटरचा असतो, एक पुरून उरतो. कच्च्या टाक्यांसाठी उठून दिसेल अशा रंगाचा साधा दोरा. अंगुस्तान, मेणाचा खडा, शिंप्याचा खडू, टेप, धारदार कात्री. दाभण गोणपाटासाठी ठेवा, चार पातळ थरांत त्याने भोकं पडतात. पॉलिस्टरचा दोरा स्वस्त आणि मजबूत असतो, पण जुन्या सुताहून तो कितीतरी चिवट. ताण आला की दोरा तुटत नाही, कापड चिरतं.

सकाळ: आधी इस्त्री, मग चहा

हस्ताच्या दिवसांत वीज दुपारनंतर जाते, त्यामुळे इस्त्री सकाळीच करा. यामागे आणखी एक कारण आहे. कपाटात घडी घालून ठेवलेलं सुती कापड पावसाळ्यात हवेतली ओल धरून असतं, हाताला ते कोरडंच लागतं. तसेच चार थर एकमेकांवर ठेवून शिवले की ओल आत कोंडते आणि आठवड्याभरात दुपट्याला कुबट वास येतो. तो वास मग धुऊनही लवकर जात नाही. इस्त्री सुतीच्या आकड्यावर ठेवा, पाणी मारू नका. पहिल्या फेरीत कापडातून वाफ उठताना दिसेल. वाफ थांबेपर्यंत फिरवा आणि कापड खुर्चीच्या पाठीवर पंधरा मिनिटं गार होऊ द्या. गरम कापड लगेच घडी केलं तर वाफ परत आत मुरते.

आता काठ. साडीच्या एकाच बाजूचा काठ, अंग आणि काठ जुळतात त्या रेषेवर कात्रीने बोटभर चीर देऊन, सरळ फाडून घ्या. हाच आपला गोट. काठ सहा सेंमी रुंद असला तर अगदी बरोबर, जास्त असला तर सहा सेंमीवर आणा. दुपट्याचा घेर साडेतीन मीटर, कोपरे आणि जोड धरून ३ मीटर ७० सेंमी पट्टी लागते, काठ साडेपाच मीटरचा आहे. अंगाची रुंदी आता १०९ सेंमीच्या आसपास राहील. दुसरा काठ तसाच राहू द्या, शेवटी कडा छाटताना तो आपोआप निघून जातो.

तुकडेही कापण्याऐवजी फाडा. ८० सेंमीवर खूण, छोटी चीर आणि एका दमात आडवं फाडायचं. फाडलेलं कापड धाग्याच्या रेषेत राहतं, कात्रीने कापलेलं सहसा तिरकं जातं. साडी फारच जीर्ण असेल तर फाट भलतीकडे पळते. तेव्हा एक आडवा धागा ओढून काढा आणि त्या रेषेवर कात्री चालवा.

इस्त्रीचं कापड गार होईतो चहा. चार कपांना गवती चहाची चार-पाच पाती गाठ मारून आणि इंचभर आलं ठेचून पाण्यात टाका, चार मिनिटं उकळू द्या आणि मगच साखर-पूड घाला. पाती चहाच्या पुडीबरोबर टाकली तर वास यायच्या आत चहा कडू होतो. कप कापडाच्या खोलीत नेऊ नका. चहाचा डाग जुन्या सुतात कायमचा बसतो.

अंथरणं आणि टाचणं

शिलाई कितीही सुबक असली तरी दुपटं चांगलं की वाकडं, हे या अर्ध्या तासात ठरतं. फरशी पुसून पूर्ण कोरडी करा. अस्तराचा तुकडा उलटी बाजू वर करून पसरा. चार कोपऱ्यांवर वजन ठेवा, वरवंटा किंवा पितळी डबे चालतात. तळव्याने मधून कडेकडे कापड सपाट करत जा. ताणायचं नाही, फक्त सुरकुती बाहेर काढायची. ताणून बसवलेलं अस्तर वजन काढल्यावर आखडतं आणि वरच्या थराला फुगे येतात. त्यावर एकेक करून मधले दोन थर आणि शेवटी वरचा थर, सुलटी बाजू वर. मधल्या थराला भोक असेल तर त्यावर चार बोटं मोठं ठिगळ नुसतं ठेवा. त्याला वेगळं शिवू नका, धावदोऱ्यात ते पक्कं होतं.

खडूने वरच्या थरावर ७५ बाय १०० सेंमीचा आयत आखा. तो काटकोनात आहे की नाही हे पाहण्याची सोपी युक्ती या मापातच आहे: दोन्ही कर्ण बरोबर १२५ सेंमी भरले पाहिजेत. एक कर्ण १२३ आणि दुसरा १२७ आला तर आयत कललेला आहे, खडू पुसून परत आखा.

आता कच्चा टाका. मधोमध सुरू करून चारी दिशांना, पाच-सहा सेंमीचे ढगळ टाके, दोन ओळींत एका वितीहून कमी अंतर, साधारण १५ सेंमी. उभ्या ओळी झाल्या की आडव्या. टाचणाऱ्या हाताखाली दुसरा हात घालून कापड उचलू नका. सुईचं टोक फरशीला टेकलं की तिथूनच वर काढा. शेवटी आयताच्या रेषेच्या आत बोटभर एक फेरी घाला. टाचण्या किंवा सेफ्टी पिना लावणं झटपट होतं खरं, पण या हवेत लोखंडी पिनेचा गंज एका रात्रीत कापडावर उतरतो. पिना लावल्या तर त्याच दिवशी काढा. सुईही कापडात टोचून रात्रभर ठेवायची नाही. तरी गंजाचा ठिपका पडलाच, तर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवा आणि मग धुवा.

जेवण: सुईकामाला साजेसं

पाऊस म्हटला की भजी आठवतात, पण शिवणाच्या दिवशी तळण दुपारी नकोच. बोटांच्या पेरांवरचा तेलकटपणा साबणाने पूर्ण जात नाही. कापडावर त्याचा डाग लगेच दिसत नाही, पण त्यावर धूळ बसून महिन्याभरात पिवळी रेघ उमटते. या दिवसाला लागतं ते एकदा चढवलं की आपलं आपण शिजणारं, गरम आणि पोटभरीचं. हुलग्याचे शेंगोळे त्यासाठी अगदी योग्य. जुन्नर-आंबेगावपासून नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यापर्यंत ते घरोघरी होतात. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात तेच हे हुलगे.

चार माणसांना २५० ग्रॅम हुलग्याचं पीठ, ५० ग्रॅम ज्वारीचं पीठ आणि चिकटपणासाठी दोन मोठे चमचे कणीक घ्या. लसणाच्या बारा पाकळ्या, चार हिरव्या मिरच्या आणि चमचाभर जिरे जाडसर वाटा. निम्मं वाटण आणि चमचाभर मीठ पिठात घाला. हळद पिठात घालू नका, ती फोडणीत जाईल. नखात बसलेली हळद दुपारी पांढऱ्या धोतरावर उतरते. साधारण १५० मिली पाण्यात पीठ घट्ट मळा. भाकरीच्या पिठापेक्षा घट्ट हवं, बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला पाहिजे. दहा मिनिटं झाकून ठेवा.

तळहाताला तेलाचा हात लावून छोटे गोळे दोन्ही तळव्यांत वळा. लांबी आठ-दहा सेंमी, जाडी करंगळीच्या निम्मी. दोन टोकं जुळवून कडबोळ्यासारखं वळण द्या आणि पीठ भुरभुरलेल्या ताटात वेगवेगळे ठेवा. जाड राहिले तर बाहेरून शिजतात आणि आत पिठूळ राहतात. फार बारीक झाले तर रस्सा होतो, शेंगोळे उरत नाहीत.

पातेल्यात तीन मोठे चमचे तेल, मोहरी, हिंग, उरलेलं वाटण. लसूण तांबूस झाला की अर्धा चमचा हळद, दोन चमचे कांदा-लसूण मसाला आणि लगेच दीड लिटर गरम पाणी. मीठ घाला. पाणी खळाखळा उकळू लागलं की मूठभर शेंगोळे सोडा, उकळी परत वर येऊ द्या, मग पुढची मूठ. इथे घाई केली की सगळं बिघडतं: उकळी मोडलेल्या पाण्यात शेंगोळ्याचा वरचा थर पटकन बसत नाही, पीठ सुटतं आणि तळाशी लगदा होतो. पहिली पाच मिनिटं चमचा घालायचा नाही. नंतर उलथन्याच्या कडेने तळ हलकेच मोकळा करा, आच मंद करा आणि अर्धवट झाकण ठेवून वीस ते पंचवीस मिनिटं शिजू द्या.

वर तरंगले म्हणजे शिजले असं समजू नका. एक काढून मोडा, आतपर्यंत एकसारखा गडद रंग दिसला पाहिजे, मध्ये फिकट ठिपका नको. रस्सा निवताना दाटतो, म्हणून पेलाभर गरम पाणी बाजूला ठेवा. गार पाणी ओतलं तर चव कच्चट होते. कोथिंबीर, वर साजूक तूप, ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी आणि हाताने फोडलेला कांदा.

शिवायला बसण्याआधी हात साबणाने धुऊन कोरड्या डाळीच्या पिठाने चोळा आणि परत धुवा, तेलाचा अंश पिठाबरोबर जातो.

दुपार: धावदोरा

वीज जायच्या आधी दहाही सुया ओवून ठेवा. दोरा साधारण ७० सेंमीचा घ्या. त्यात अर्धा मीटर शिवून होतं, म्हणजे दुपट्याला पन्नासेक वेळा दोरा लागणार आहे. लांब दोरा घेऊन ही खटपट वाचत नाही. दरवेळी कापडातून ओढला गेल्याने त्याचा पीळ सुटतो, तो झिजतो आणि गाठी पडतात. दमट हवेत तर जास्तच. दोरा मेणावरून दोनदा ओढून घ्या. गोळ्यातून आधी सुटलेलं टोक सुईत, कापलेल्या टोकाला गाठ. बसायची जागा खिडकीशी, उजव्या हाताने शिवणाऱ्यांनी उजेड डावीकडून घ्यावा, नाहीतर हाताची सावली टाक्यावर पडते.

पहिला टाका कसा सुरू करायचा ते नीट पाहा. जिथून ओळ सुरू होणार तिथून इंचभर दूर, फक्त वरच्या थरातून सुई आत घाला, मधल्या थरांतून सरकवा आणि ओळीच्या टोकाशी वर काढा. दोरा हलका झटका देऊन ओढा. ‘टक्’ असा बारीक आवाज येऊन गाठ वरच्या कापडातून आत जाते आणि मधल्या थरात अडकते. वर किंवा खाली कुठेच गाठ दिसत नाही. बाळाच्या दुपट्याला हे हवंच. गाठ कापडातून आरपार निघून आली तर ती लहान आहे, दोन वेढ्यांची घाला. आतच जाईना तर नखाने त्या जागेचे धागे जरा विलग करा.

मग टाके. सुई जवळजवळ उभी खाली घाला, खालच्या हाताच्या तर्जनीला टोक टेकलं की अंगुस्तानाने सुई आडवी करून वर आणा. असे तीन-चार टाके सुईवर घ्या आणि एकदम ओढा. टाका चार-पाच मिलिमीटरचा ठेवा. मोठा सुटा टाका दिसायला रांगडा आणि छान वाटतो, पण त्यात बाळाचं बोट अडकतं. टाक्याची लांबी दोन्ही बाजूंना सारखी हवी. प्रत्येक ओळीनंतर उलटून पाहा, कारण मागे टाके सुटणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. सुई तिरकी गेली की ती वरचे तीन थर पकडते आणि अस्तर सोडते. दोरा किती ओढायचा? ओळ हाताने हलकेच ताणून बघा. कापडाआधी दोरा ताठ झाला तर जास्त ओढलाय, तिथे पुढे तुटणार.

महाराष्ट्रातल्या गोधडीची नेहमीची चाल बाहेरून आत जाते: कडेला एक फेरी, तिच्या आत दोन बोटांवर दुसरी, असं मध्यापर्यंत. कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या) बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडीही कडेपासून मध्याकडे जाते, तिथे तर तुकडे जोडणं आणि शिवणं बरोबरच चालतं. या चालीने कडा लवकर मजबूत होतात आणि आयतात आयत फार देखणे दिसतात. तिचा एकच धोका: कापडात सैलपणा असेल तर तो ढकलला जात मध्ये जमा होतो. म्हणून कच्चे टाके भरपूर लागतात आणि दर तीन फेऱ्यांनी दुपटं फरशीवर टाकून तळवा फिरवायचा. मध्ये पोट दिसलं तर त्या भागातले कच्चे टाके काढा, सैल कापड चारी बाजूंना थोडंथोडं वाटून द्या आणि परत टाचा. उरलेलं एका चुणीत दाबून शिवू नका, ती जन्मभर टोचते.

पहिली फेरी आखलेल्या आयताच्या आत तीन सेंमीवर. पुढची प्रत्येक फेरी तीन सेंमी आत, अशा साधारण बारा फेऱ्या बसतात. कोपऱ्यावर टाका बरोबर वळणावर संपवा, मग सुई वळवा. मधला टाका कोपऱ्यावरून तिरका गेला तर आयताचे कोपरे गोल होत जातात आणि सहाव्या फेरीपर्यंत अंडाकृती दिसू लागते. दोरा संपताना त्याच जागी दोन उलट टाके, मग सुई मधल्या थरांतून इंचभर सरकवून बाहेर, आणि दोरा कापडालगत कापा. मणी, आरसे, गोंडे, बटणं यांतलं काहीही बाळाच्या दुपट्याला लावू नका.

सहा फेऱ्या झाल्या की उठा. मान आणि अंगठा दोन्हींना विश्रांती लागते आणि याच दिवसांत बाजारात ओल्या भुईमुगाच्या शेंगा असतात. किलोभर शेंगा तीन-चार पाण्यांतून माती जाईपर्यंत धुवा. कुकरमध्ये बुडतील एवढं पाणी, दोन मोठे चमचे मीठ, तीन शिट्ट्या. शेंगा थोड्या सुकलेल्या असतील तर पाच. वाफ जिरल्यावर अर्धा तास त्याच पाण्यात राहू द्या. मीठ दाण्यापर्यंत पोचतं ते या अर्ध्या तासात, शिट्ट्यांत नव्हे. टरफलाचं तपकिरी पाणी बोटांना रंगवतं, तेव्हा शेंगा दुसऱ्या खोलीत खा.

संध्याकाळ: गोट

धावदोऱ्याने दुपटं सगळीकडून एक-दीड सेंमी आखडतं. म्हणून कडा आधी न छाटता आता छाटायच्या. आयत पुन्हा मोजा, कर्ण पुन्हा १२५ वर आणा आणि चारी थर एकदम कापा. पहिली फेरी आता कडेपासून तीन सेंमीहून थोडी जास्त आत दिसेल, एवढा फरक चालतो.

काठाची पट्टी सहा सेंमीची, तिचे दीड-दीडचे चार भाग होतात. पट्टी सुलट्या बाजूला कडेशी जुळवून ठेवा आणि कडेपासून दीड सेंमीवर बारीक धावदोरा घाला. सुरुवात बाजूच्या मधून करा, कोपऱ्यातून कधीही नाही. कोपरा आला की कडेच्या दीड सेंमी अलीकडे थांबा आणि दोन उलट टाके घ्या. पट्टी वरच्या दिशेला तिरकी दुमडा म्हणजे ४५ अंशांची घडी पडते, मग तीच पट्टी खाली आणून पुढच्या कडेवर बसवा आणि त्या कडेपासूनही दीड सेंमीवरून शिवण सुरू करा. उलटवल्यावर कोपरा आपोआप टोकदार बसतो. अलीकडे थांबायचं विसरलं तर घडी शिवणीत अडकते आणि कोपरा गोळा होतो. तेवढीच शिवण उसवून परत घाला. दोन्ही टोकं दोन सेंमी एकमेकांवर घ्या.

पट्टी मागे वळवा, कड आत दुमडा आणि अस्तरावर तुरपाई करा. सुई अस्तर आणि एखादा मधला थर एवढ्यातूनच जाऊ द्या, वर टाका उमटता कामा नये. सगळं झाल्यावर कच्चे टाके काढा. मध्ये काढू नका.

सुया मोजून डबीत ठेवल्या, फरशीवर एकदा लोहचुंबक फिरवलं, की तळणाला मोकळीक. घारग्यांसाठी अर्धा किलो लाल भोपळा किसून चमचाभर तुपावर मऊ करा, २०० ग्रॅम गूळ विरघळवा आणि पूर्ण गार झाल्यावर वेलची, चिमूट मीठ, दोन चमचे तांदळाचं पीठ आणि मावेल तेवढी कणीक घाला, ३०० ते ३५० ग्रॅम लागते. पाणी अजिबात नाही. गरम मिश्रणात कणीक घातली तर ती जास्त मावते आणि घारगे कडक होतात. जाडसर थापून मध्यम आचेवर तळा.

पहिलं धुणं आणि ठेवण

आज धुऊ नका, वाळणार नाही. परतीचा पाऊस सरून ऑक्टोबरचं ऊन पडलं की गार पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा. एका कडेने टांगलं तर ओल्या वजनाने ओळी ताणल्या जातात. दोन दोऱ्यांवर पसरून टाका आणि उलटसुलट ऊन द्या. ठेवताना सुकवलेला कडुलिंबाचा पाला चालेल. डांबरगोळ्या बाळाच्या कपड्यांत मुळीच नकोत: नॅप्थलीनमुळे काही नवजात बाळांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि कावीळ गंभीर होते. दुपटं बाळाखाली अंथरायला आणि मांडीवर गुंडाळून घ्यायला आहे. झोपलेल्या बाळाच्या तोंडावर किंवा सैल पांघरूण म्हणून ते टाकू नका.

हात बसल्यावर मोठी गोधडी

दीड बाय २.१ मीटरच्या गोधडीला तीन साड्या. प्रत्येकीचे १ मीटर ६० सेंमीचे तीन तुकडे, एकूण नऊ. दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की एक थर होतो, म्हणजे चार थरांना आठ तुकडे आणि नववा पुढच्या ठिगळांसाठी जपून ठेवायचा. यात काठ फाडायचे नाहीत, नाहीतर लांबी पुरत नाही. वरच्या थराला आणि अस्तराला शिवण घाला. मधल्या थरांच्या कडा नुसत्या दोन सेंमी एकमेकींवर ठेवा आणि जोड एका थरात तीन बोटं वर, दुसऱ्यात तीन बोटं खाली सरकवा, म्हणजे मध्ये कणा उठत नाही. गोटाला उरलेल्या ७० सेंमीच्या तुकड्यांतून सहा सेंमीच्या सात आडव्या पट्ट्या काढून जोडा. पर्लचे दोन गोळे लागतील. शिलाईचे तेरा-चौदा तास रोज दोन तासांनी आठवड्यात बसतात. टाचलेली गोधडी रोज घडी न घालता सैल गुंडाळी करून, कोरड्या चादरीत ठेवा.